एमडीआर टीबी : दोन वर्षांचे सहा महिने झाले

शेवंती
रविवार, रात्री ९:४०

परवा आमच्याकडे दूध टाकणाऱ्या काकू पेढे घेऊन आल्या. मला वाटलं, मुलगा पास झाला. "औषधं बंद झाली त्याची," म्हणाल्या. एकोणीस वर्षांचा मुलगा. जुलैत एमडीआर टीबी, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी, निघाला होता आणि जानेवारीत उपचार संपले. मी बोटांवर महिने मोजले. परत मोजले. सहाच.

ताई आत मेथी निवडत होती. तिला ऐकू येत नाही, म्हणून मोबाइलवर लिहून दाखवलं. तिने वाचलं आणि खाली लिहिलं, "इंजेक्शनं किती?" मी लिहिलं, "एकही नाही." मग तिने विचारलं, "कान?" मी लिहिलं, "चांगले आहेत." मोबाइल हातात धरून ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. मेथीची जुडी मांडीवर तशीच.

ताईला २०१३ मध्ये एमडीआर निघाला. तेव्हा आम्ही चेंबूरला राहायचो. चोवीस महिने औषधं. दिवसाला तेरा गोळ्या, आणि पहिले आठ महिने कॅनामायसिनचं इंजेक्शन. रविवार सोडला तर रोज. सुया टोचून टोचून कंबरेखाली गाठी झाल्या होत्या. लोकलमध्ये जागा मिळाली तरी ती उभीच राहायची.

पाचव्या महिन्यात एक दिवस डाळ करपली. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम कायम ताईचं. तिसऱ्या शिट्टीला ती कधी चुकली नव्हती. त्या दिवशी सहा-सात झाल्या असतील, आणि ही ओट्याशीच उभी होती. आई ओरडली तर म्हणाली, "माझ्या कानात रातकिडे ओरडतायत, काही कळत नाही." आम्ही उपचार चालू होते तिथे जाऊन सांगितलं. "अशक्तपणा असेल, होईल कमी," असं उत्तर मिळालं. कानांची तपासणी कोणी केली नाही. करायची असते हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. आठव्या महिन्यात इंजेक्शनं थांबली तेव्हा ऐकू येणं जवळजवळ संपलं होतं. ती एका कुरियरच्या ऑफिसात फोनवर असायची. ती नोकरी गेली.

टीबी बरा झाला. हे मी विसरत नाही. तिच्याबरोबर रांगेत बसणाऱ्या सगळ्यांचा झाला नाही.

आता कळतंय की बीपाल्म नावाचे उपचार आलेत, सगळे गोळ्यांचे. या दहा वर्षांत नेमकं काय घडलं? कोणी शोधलं, कोणावर करून पाहिलं, आपल्याकडे पोहोचायला किती वेळ लागला? इथे डॉक्टर आहेत, या कामातले लोकही आहेत. मला नीट समजून घ्यायचंय, आणि समजलं की ताईला वाचायला द्यायचंय. तिने स्वतःच मागितलंय.

---

श्वासवैद्य
रविवार, रात्री ११:१५

शेवंती, धागा काढलात हे फार बरं केलंत. तुमच्या ताईंसारखे रुग्ण मी पाहिले आहेत. त्या काळात कॅनामायसिन मीही लिहून दिलं आहे. दुसरं काही हातात नव्हतं हे खरं. पण दर महिन्याला कान तपासायला हवे होते हेही तितकंच खरं, आणि ते सगळीकडे होत नव्हतं. कानातल्या शंखात केसांसारख्या बारीक पेशी असतात. या जातीची इंजेक्शनं त्या मारतात, आणि एकदा मेलेल्या त्या पेशी माणसात पुन्हा येत नाहीत.

काय बदललं ते सांगतो. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन ही साध्या टीबीतली सगळ्यात ताकदीची औषधं. या दोघांना जंतू दाद देईनासा झाला की त्याला एमडीआर म्हणायचं. रिफाम्पिसिन १९६० च्या दशकातलं. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षं टीबीसाठी नव्या जातीचं औषध आलंच नाही. ज्यांना हा आजार होतो त्यांच्या खिशात पैसे नसतात. त्यामुळे कंपन्यांना यात रस नव्हता.

मग बेडाक्विलिन आलं. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१२ मध्ये मंजुरी मिळाली. टीबीच्या जंतूत ऊर्जा तयार करणारं एक अतिसूक्ष्म चाक असतं, ते अक्षरशः फिरतं. बेडाक्विलिन त्या चाकात खुंटी घालतं. जंतू वाढत नसला, नुसता पडून असला, तरी जिवंत राहायला त्याला ऊर्जा लागतेच. म्हणून हे औषध सुस्त जंतूंनाही मारतं, आणि उपचारांची मुदत लांबते ती या सुस्त जंतूंमुळेच.

दुसरं प्रेटोमॅनिड. ते जंतूची भिंत बांधू देत नाही, आणि प्राणवायू कमी असतो तिथे वेगळ्या पद्धतीने विषासारखं काम करतं. टीबी अलायन्स या ना-नफा संस्थेने ते पुढे आणलं, २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. तिसरं लिनेझोलिड, मुळात दुसऱ्या जंतूंसाठी बनवलेलं. चौथं मॉक्सिफ्लॉक्सासिन, हे जुनंच. चौघांची आद्याक्षरं मिळून बीपाल्म.

पहिले दोन आठवडे गोळ्या जास्त असतात. त्यानंतर रोज तीन, आणि आठवड्यातले तीन दिवस बेडाक्विलिनच्या दोन धरून पाच. तुमच्या ताईंच्या तेराशेजारी हा आकडा ठेवून पाहा.

---

मध्यक
सोमवार, सकाळी ७:५०

मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्र शिकवतो. 'कोणावर करून पाहिलं' या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण या विषयावर माझं मनापासून प्रेम आहे.

औषधाची चाचणी चिठ्ठ्या टाकून करायची, म्हणजे कोणाला नवं आणि कोणाला जुनं हे डॉक्टरने ठरवायचं नाही, ही पद्धत आधुनिक वैद्यकात रुजली ती टीबीमुळेच. १९४८ साली ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली. १०७ रुग्ण होते. सहा महिन्यांत औषधाच्या गटातले ४ दगावले, नुसत्या विश्रांतीच्या गटातले १४. पण त्याच चाचणीत हेही दिसलं की एकट्या औषधाला जंतू लवकर सरावतो. पाच वर्षांनी दोन्ही गटांत फारसा फरक उरला नव्हता. चार-चार औषधं एकत्र द्यायची पद्धत त्यातून आली.

आता नवी औषधं. दक्षिण आफ्रिकेत निक्स-टीबी नावाची चाचणी झाली, १०९ रुग्ण, निकाल मार्च २०२० मध्ये आले. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड, सहा महिने. शंभरातले ९० बरे. पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. एरवी मी असा निकाल बाजूला ठेवला असता. इथे तसं करवत नाही, कारण हे बहुतेक एक्सडीआरचे, म्हणजे एमडीआरहूनही जास्त औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे रुग्ण होते आणि आधीच्या उपचारांनी यातले थोडेच वाचत. मात्र त्याची किंमतही मोठी होती. लिनेझोलिडचा डोस दिवसाला १२०० मिलिग्रॅम होता. शंभरातल्या ८१ जणांच्या हातापायांच्या नसांवर परिणाम झाला आणि ४८ जणांच्या रक्तपेशी घटल्या.

मग झेनिक्स चाचणीत डोस निम्मा करून पाहिला, ६०० मिलिग्रॅम, सहा महिने. बरे होण्याचं प्रमाण ९१ टक्के. नसांचा त्रास २४ टक्के, रक्तपेशी घटणं २ टक्के. मला या सगळ्यात हेच काम सर्वांत सुंदर वाटतं. गुण आला म्हणून ते थांबले नाहीत. कमी त्रासात तेवढाच गुण येतो का, हे त्यांनी शोधलं.

आणि तुलनेचा गट असलेली चाचणी 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने केली. तिचं नाव टीबी-प्रॅक्टिकल. उझबेकिस्तान, बेलारूस आणि दक्षिण आफ्रिका इथे झाली. बीपाल्मच्या गटात ८९ टक्के यश, जुन्या उपचारांच्या गटात ५२. फरक इतका स्पष्ट दिसू लागला की नव्या रुग्णांची भरती ठरल्याआधीच थांबवली. आणखी लोकांना जुन्या गटात घालणं योग्य राहिलं नव्हतं. डिसेंबर २०२२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला आणि त्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने या उपचारांची शिफारस केली.

---

नाना७०
सोमवार, सकाळी १०:०५

माहितीपूर्ण धागा. तरी एक विचारतो. आमच्या तरुणपणी रिफाम्पिसिन आले तेव्हाही असेच उत्साहाने बोलले जात होते. पुढे त्यालाही जंतू सरावला. बेडाक्विलिनचे तसे होणार नाही कशावरून? आणि सहा महिन्यांचे औषध दोन महिन्यांत सोडणारे आपल्याकडे कमी आहेत का?

---

श्वासवैद्य
सोमवार, दुपारी २:२०

नाना, तुमची भीती योग्य आहे. बेडाक्विलिनला दाद न देणारे जंतू जगात सापडू लागले आहेत. या औषधाचा एक गुण आहे, तोच त्याचा धोकाही आहे. ते शरीरात फार रेंगाळतं, अर्धं व्हायलाच साधारण साडेपाच महिने लागतात. रुग्णाने मध्येच सगळं सोडलं तर बाकीची औषधं आठवड्याभरात निघून जातात आणि बेडाक्विलिन एकटं मागे राहतं. एकट्या औषधाचं काय होतं ते मध्यक यांनी वर लिहिलंच आहे.

हे उपचार सगळ्यांना चालतात असंही नाही. चौदा वर्षांखालील मुलं, गरोदर बायका, मेंदूचा किंवा हाडांचा टीबी, यांच्यासाठी वेगळे उपचार आहेत. जंतू मॉक्सिफ्लॉक्सासिनला दाद देत नसेल तर ते वगळून उरलेली तीन देतात. त्यामुळे आधी तपासणी, मग औषध. अंदाजाने सुरू करायचं हे काम नव्हे.

पण लोक उपचार सोडतात ते बेफिकिरीने, हे मला मान्य नाही. दोन वर्षं रोज मळमळ सोसून पाहावं, मग बोलावं. मुदत सहा महिन्यांवर आणणं हाच सोडण्यावरचा मोठा उपाय आहे.

---

सोनचाफा_जोबर्ग
सोमवार, सायंकाळी ६:३०

मी मूळची साताऱ्याची, जोहान्सबर्गला राहते. निक्स-टीबीच्या केंद्रांपैकी एक आमच्या शहरातलं सिझ्वे रुग्णालय. त्या रुग्णांतले निम्मे एचआयव्हीबाधितही होते. इतक्या आजारी लोकांना चाचणीत घेतलं आणि तरीही शंभरातले नव्वद बरे झाले, हे सांगायचं राहू नये म्हणून लिहितेय.

आणखी एक. या देशाने जून २०१८ मध्ये ठरवलं की एमडीआरच्या रुग्णांना इंजेक्शनांऐवजी बेडाक्विलिन द्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन मागे टाकायला सांगितलं ते त्यानंतर, ऑगस्टमध्ये. इथे बहिरे झालेले रुग्ण स्वतः उठून बोलले होते. फुमेझा तिसिले ही त्यांतली एक. तिचं नाव पुढे भारताशी जोडलं गेलं, ते कोणीतरी लिहा.

---

मध्यक
सोमवार, रात्री ८:१०

लिहितो. बेडाक्विलिनचं मूळ पेटंट जुलै २०२३ पर्यंत होतं. त्याच औषधाच्या क्षारावर दुसरं पेटंट मिळालं असतं तर कंपनीची मक्तेदारी २०२७ पर्यंत गेली असती. त्याला भारतीय पेटंट कार्यालयात दोघींनी विरोध केला. एक फुमेझा तिसिले, दुसरी मुंबईची पत्रकार नंदिता व्यंकटेशन. दोघींचंही ऐकणं टीबीच्या औषधांनी गेलं होतं. मार्च २०२३ मध्ये कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्यानंतर भारतीय कंपन्यांना हे औषध बनवायची वाट मोकळी झाली, आणि जागतिक खरेदीतली किंमत काही महिन्यांत निम्म्याहून खाली आली.

याची दुसरी बाजूही आठवते. २०१६ मध्ये आपल्याकडे हे औषध देशभरात मिळून फक्त सहा केंद्रांवर होतं. पाटण्याच्या अठरा वर्षांच्या एका मुलीला ते मिळावं म्हणून तिच्या वडिलांना दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं होतं.

---

शेवंती
सोमवार, रात्री १०:४५

नंदिता व्यंकटेशनबद्दल वाचून ताई उठून आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली आणि मला लिहून दाखवलं, "तिने माझ्यासाठी केलं." मी म्हटलं, तुला तर ते औषध मिळालंच नाही. तिने परत तेच वाक्य दाखवलं.

---

अनामिक_५४
मंगळवार, पहाटे १:३०

हा आयडी नवीन काढलाय. मी सध्या बीपाल्मवर आहे, दहावा आठवडा. ऑफिसमध्ये कावीळ सांगितलीय. गेल्या आठवड्यापासून तळपायांना मुंग्या येतात, रात्री जास्त. केंद्रावर सांगितलं तर औषध बंद करतील आणि मग दोन वर्षांचं सुरू होईल, या भीतीने बोललो नाही. वर ८१ टक्के वाचलं आणि झोप उडाली.

---

श्वासवैद्य
मंगळवार, सकाळी ६:५५

अनामिक, आजच जा. उद्यावर टाकू नका. मुंग्या लिनेझोलिडमुळे असू शकतात, आणि लवकर कळल्या तर करण्यासारखं बरंच असतं. तपासून डोस कमी करता येतो, काही वेळा ते औषध काही दिवस थांबवतात. सांगितलं म्हणजे लगेच जुने उपचार सुरू होतील असं नाही. स्वतःहून मात्र एकही गोळी कमी-जास्त करू नका. ८१ टक्के हा दुप्पट डोसचा आकडा होता, तुमचा डोस तो नसणार.

नजर धूसर झाली किंवा रंग फिके दिसू लागले, तर तेही लगेच सांगायचं. रक्ताची आणि ईसीजीची तारीख चुकवू नका. बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन दोन्ही हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतात, म्हणून ईसीजी लागतो.

---

गावफिरस्ता
मंगळवार, दुपारी १:१५

मी मेळघाटच्या बाजूला टीबीच्या कार्यक्रमात काम करतो. गोळ्यांचं सगळं वर आलंच आहे. मला ताटाबद्दल लिहायचंय, कारण मला रोज तेच दिसतं.

पेशंटच्या घरी गेलं की आधी वजनकाटा ठेवतो. एक चाळिशीचा माणूस, उंची माझ्याएवढी, वजन सदतीस किलो. गोळी घेतो का? "घेतो. पण उपाशीपोटी घेतली का उलटते." बेडाक्विलिन आणि प्रेटोमॅनिड जेवणासोबत घ्यायची असतात. घरात जेवण नसेल तर मी त्याला काय सांगू?

झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात रेशन्स नावाचा अभ्यास झाला. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी केला. २८०० पेशंट आणि त्यांच्या घरातली १० हजारांवर माणसं. पेशंटला सगळीकडे शिधा दिला : तांदूळ, सातू, दूध पावडर, तेल. घरच्यांच्या बाबतीत गट पाडले. एका गटातल्या घरच्यांना माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. दुसऱ्या गटातल्या घरच्यांना यातलं काही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये निकाल आला. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्के कमी. बेडक्यात जंतू सापडणारा फुफ्फुसाचा टीबी ४८ टक्के कमी.

डाळ-तांदूळ! मी हे वाचलं तेव्हा आमच्या आशाताईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे तर आम्हाले पयलेच माईत होतं भाऊ, कोनी इचारलं नाही."

पेशंटबद्दलही दिसलं. सुरुवातीला पाचांतल्या चौघांचं वजन उंचीच्या मानाने कमी होतं. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मरण्याचा धोका ६१ टक्के कमी होता. सदतीस किलोच्या माणसाचे पाच टक्के म्हणजे दोन किलोसुद्धा नाहीत. तेव्हापासून मी वहीत वजनाचा रकाना लाल पेनाने भरतो.

सरकारच्या निक्षय पोषण योजनेत पेशंटला महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. ते वेळेत खात्यावर आले तर फार उपयोग होतो. घरच्यांच्या शिध्यासाठी निक्षय मित्र, म्हणजे स्वतःहून मदत करणारे, आहेत. सोसायटी, मंडळ, गणपतीची वर्गणी उरलेले, कोणीही होऊ शकतं. वाचणाऱ्यांपैकी कोणाला व्हायचं असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी कसं करायचं ते सांगतो.

---

पेडण्याची_रुक्मा
मंगळवार, सायंकाळी ७:००

गावफिरस्ता, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला.

गोव्यातली असल्यामुळे एक अभिमानाची गोष्ट सांगते. ट्रूनॅट हे यंत्र आमच्याकडच्या मोलबायो कंपनीचं. बॅटरीवर चालतं, त्यामुळे वीज जाणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येतं. बेडक्यात टीबीचा जंतू आहे का, आणि तो रिफाम्पिसिनला दाद देतो का, हे काही तासांत कळतं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. करोनातही हीच यंत्रं वापरली.

माझ्या मामांचा बेडका २००९ मध्ये जंतू वाढवून पाहायला पाठवला होता. उत्तर यायला दोन महिन्यांवर गेले आणि तोवर ते साध्या टीबीच्या गोळ्या घेत राहिले. त्या गोळ्यांचा त्यांच्या जंतूवर काही परिणाम होत नव्हता, हे नंतर कळलं. सहा महिन्यांच्या औषधाइतकंच त्या काही तासांचं मोल मला वाटतं.

---

नाना७०
मंगळवार, रात्री ९:२०

श्वासवैद्य, 'बेफिकिरी' हा शब्द माझा नव्हता, पण मनात तेच होते. मागे घेतो. गावफिरस्ता, व्यनि केला आहे. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात बावीस जण आहोत.

---

अनामिक_५४
बुधवार, दुपारी ४:१०

जाऊन आलो. ओरडले नाहीत. तळपायांवर कंप पावणारा काटा ठेवून पाहिलं, रक्त घेतलं. औषध बंद केलेलं नाही, लिनेझोलिडचं काय करायचं ते रिपोर्ट पाहून शुक्रवारी सांगणार. डोळ्यांची तपासणीही शुक्रवारीच, सकाळी अकराला. बायकोला आज पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं.

---

शेवंती
बुधवार, रात्री ९:०५

हे ताईचं आहे, तिने लिहून दिलंय तसंच टाकते :

"अनामिक भाऊ, मी चोवीस महिने घेतली. तुमचे सोळा आठवडे राहिले. पायांत रात्री सुती मोजे घाला, मला बरं वाटायचं. गोळी गिळल्यावर लगेच आडवं होऊ नका. ताक चालत असेल तर विचारून घ्या. शुक्रवारी डोळ्यांचं काय सांगितलं ते इथे लिहा, मी वाट बघते. लिहिलेलं मला वाचता येतं, फोन करू नका."